भिंगाचा आवाका आणि पाहणाऱ्याची जागा



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अध्यात्म, शेती हे विषय नेहमीचे. त्या रांगेत छायाचित्राच्या भिंगासारखा विषय काहीसा पाहुण्यासारखा वाटेल. पण आज या मंडपात असे किती जण आहेत, की ज्यांच्या खिशात वा पिशवीत कॅमेरा नाही? मोबाइल आला आणि प्रत्येक घर छायाचित्रकाराचे घर झाले. लग्नाची छायाचित्रे आपणच काढतो, ऊस लोळला तर त्याची आपणच काढतो आणि घरात पाणी शिरले तर त्याचीही आपणच काढतो. मग त्या छायाचित्रात किती मावते, किती सुटते आणि जे मावते ते खऱ्याशी कितपत जुळते, हा केवळ हौशी माणसाचा प्रश्न राहत नाही. शिरोळसारख्या नदीकाठच्या गावी तर तो साऱ्या गावाचा प्रश्न होतो. तो कसा, ते शेवटी सांगू. आधी भिंगाचा हिशेब समजून घेऊ.

हा हिशेब समजण्यास कॅमेरा लागत नाही. सध्या लग्नसराईचे दिवस आहेत. घरोघर जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतील. त्यांतल्या एका जाड पत्रिकेला मधोमध एक चौकट कापा : आडवी ३६ मिलिमीटर आणि उभी २४ मिलिमीटर. आता एक डोळा मिटा आणि ती चौकट उघड्या डोळ्यासमोर पाच सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे तीन बोटांच्या अंतरावर धरा. चौकटीतून जेवढे दिसेल तेवढेच ५० मि.मी.चे भिंग नेहमीच्या फिल्मवर उतरवते. आता पत्रिका पापण्यांना जवळजवळ लागेल इतकी, म्हणजे २४ मि.मी.पर्यंत जवळ आणा. चौकटीत अख्खा चौक येईल. उलट ती वितीला थोड्या कमी अंतरावर, २० सेंटिमीटरवर न्या; समोरच्या घराचा एखादा दरवाजा तेवढा उरेल. हे झाले २०० मि.मी.चे भिंग. चौकट तीच, डोळा तोच, आपण उभे आहोत तीही जागा तीच. बदलले ते फक्त चौकटीचे आणि डोळ्याचे अंतर.

ज्याला शास्त्रात नाभीय अंतर म्हणतात आणि छायाचित्रकार ‘फोकल लेन्ग्थ’ म्हणतात, ते हेच अंतर. लहानपणी आपण भिंग उन्हात धरून कागद जाळला आहे. भिंग कागदाच्या फार जवळ असले तर उन्हाचा ठिपका पसरट राहतो; ते हळूहळू वर उचलले, की एका ठरावीक अंतरावर तो मोहरीएवढा होतो आणि कागदातून धूर निघतो. त्या क्षणी भिंग आणि कागद यांच्यात जे अंतर असते, ते त्या भिंगाचे नाभीय अंतर. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण समांतरच येतात आणि ते जेथे एकत्र मिळतात ती नाभी. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी पूर्वी फिल्म असे, आता सेन्सर असतो, एवढाच फरक. आजच्या भिंगांत अनेक काचा एकापुढे एक बसविलेल्या असतात, त्यामुळे हे अंतर काचेपासून पट्टीने मोजता येत नाही. पण त्याचा अर्थ तोच राहतो.

यापुढचे गणित म्हणजे शाळेतले त्रैराशिक. चित्राची रुंदी ३६ मि.मी. आणि नाभीय अंतर ३६ मि.मी. असेल, तर जेवढ्या अंतरावरून पाहू तेवढ्याच रुंदीचे दृश्य मावते. शंभर फुटांवरून शंभर फूट. भिंग ५० मि.मी.चे घेतले तर शंभर फुटांवर ७२ फूट मावतात. २४ मि.मी.चे घेतले तर १५० फूट. २०० मि.मी.चे घेतले तर अवघे १८ फूट. नाभीय अंतर दुप्पट केले, की रुंदी निम्मी होते. आणि तीच निम्मी रुंदी चित्रात पूर्वीइतकीच जागा व्यापते, म्हणून त्यातली प्रत्येक वस्तू दुप्पट मोठी उमटते. आवाका आणि आकार यांचा असा हा सौदा आहे. एक वाढवला की दुसरा घटतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पुस्तकांत हाच आवाका अंशांत दिलेला असतो. २४ मि.मी.चे भिंग आडवे सुमारे ७४ अंश पाहते, ५० मि.मी.चे सुमारे ४० अंश आणि २०० मि.मी.चे सुमारे १० अंश.

घरातल्या कामाला हे कसे लावावे? समजा वाड्याच्या चौकात सारे कुटुंब ओळीने उभे आहे. ओळ तीस फूट लांब आहे आणि भिंतीला पाठ लावली तरी वीस फुटांपेक्षा मागे सरकता येत नाही. ३६ला २०ने गुणून ३०ने भागा, उत्तर २४. म्हणजे २४ मि.मी.चे भिंग हवे. ५० मि.मी.चेच असेल तर त्यात साडेचौदा फूटही मावणार नाहीत. दोन्ही टोकांचे मामा आणि मावश्या कापल्या जातील. मग एक तर जवळजवळ बेचाळीस फूट मागे जायचे, नाही तर ओळीच्या दोन ओळी करायच्या. गावोगावचे जुने छायाचित्रकार लहानांना सतरंजीवर बसवीत, वडीलधाऱ्यांना खुर्च्या देत आणि तरुणांना मागे उभे करीत. ती रीत मानापानाची खरी. पण ती भिंगाच्या आवाक्याचीही होती.

येथे एक शंका निघेल. ३६ आणि २४ हे आकडे आले कोठून? ते सिनेमाच्या फिल्मवरून आले. ऑस्कर बर्नाक या जर्मन कारागिराने ३५ मि.मी. रुंदीची सिनेमाची फिल्म लहान कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट घेतली. त्यातून झालेला ‘लायका’ कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या वसंतातल्या व्यापारी जत्रेत लोकांपुढे आला. त्याचे भिंग ५० मि.मी.चे होते. तेव्हापासून ही चौकट जगभर माप म्हणून रूढ झाली. मोबाइलमधला सेन्सर याहून पुष्कळच लहान असतो आणि त्याच्या भिंगाचे खरे नाभीय अंतर काही थोडे मिलिमीटर भरते. परंतु चौकट लहान आणि अंतरही त्याच प्रमाणात लहान, म्हणून आवाका मोठ्या कॅमेऱ्याच्या २४ ते २६ मि.मी.च्या भिंगाइतका येतो. माहितीपत्रकात छापतात तो हाच तुलनेचा आकडा. त्याचा अर्थ असा, की मोबाइलचे मुख्य भिंग जात्याच रुंद नजरेचे आहे. पडद्यावर दोन बोटे फाकवून आपण चित्र मोठे करतो तेव्हा पुष्कळदा भिंग बदलत नाही. चित्राचा मधला तुकडा तेवढा कापला जातो. दुप्पट केले तर चित्राचा चौथा हिस्सा उरतो, आणि चौथ्या हिश्श्यात तपशीलही चौथाईच राहतो.

सिनेमाच्या फिल्मचे नाव निघाले आणि कोल्हापूरचे नाव न घेता पुढे जावे, हे शिरोळमध्ये शोभणारे नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्यानंतर कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे मेस्त्री बंधू स्वतःचा कॅमेरा तयार करण्याच्या मागे लागले. दोघेही नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार आणि हाताने यंत्र घडवणारे कारागीर. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्या कामगिरीची आठवण म्हणून कोल्हापुरात आज कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे.

नाटकाचा पडदा रंगवणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचे वेड लागावे यात नवल नाही. राजवाड्याच्या पडद्यावर खांबांची रांग आत आत जाताना लहान होत जाते. चित्रकार याला यथादर्शन म्हणतात. पडदा रंगवणारा आधी ठरवतो, की पाहणारा कोठे बसला आहे. मग त्याच्या नजरेने खांब लहान-मोठे करतो. जागा ठरल्याशिवाय यथादर्शन ठरत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तीच आपल्या उपयोगी पडणार आहे.

बाबूरावांच्या हाताखाली शिकून तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली कंपनी पुण्यास गेली आणि १९३४ साली तेथून ‘अमृतमंथन’ निघाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कॅमेरा केशवराव धायबर यांचा. या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी क्रूर राजगुरूचे काम केले आहे. त्या राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापून प्रेक्षकांकडे रोखलेला दिसतो. हे दृश्य टेलिफोटो भिंगाने घेतले होते, आणि भारतीय चित्रपटातला त्या भिंगाचा पहिला वापर म्हणून त्याची नोंद केली जाते.

हा हिशेबही आपण करून पाहू. सिनेमाची चौकट सुमारे २२ मि.मी. रुंद असते. केवळ उदाहरणापुरते १५० मि.मी.चे भिंग धरले, तर एक मीटर अंतरावर सुमारे १५ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे चेहरा. डोळा आणि भुवई एवढेच हवे असेल तर अर्ध्या मीटरच्या आत यावे लागेल, किंवा भिंग आणखी लांब घ्यावे लागेल. ५० मि.मी.च्या भिंगाने तेच करायचे तर कॅमेरा नटाच्या नाकाशी टेकवावा लागेल. तेथे कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडणार आणि नटाच्या नजरेत कॅमेऱ्याची धास्ती उतरणार. लांब भिंगामुळे यंत्र दूर राहते आणि नजर मोकळी राहते. राजगुरूचा दरारा नटाचा आणि दिग्दर्शकाचा. पण तो तसाच्या तसा पडद्यापर्यंत पोचवण्याचे काम नाभीय अंतराने केले.

येथपर्यंत आम्ही आवाक्याविषयी बोललो. आता ज्या गोष्टीविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे तिच्याकडे वळू. लोक म्हणतात, लांब भिंग दूरच्या वस्तू एकमेकींजवळ आणते आणि रुंद भिंग चेहरे विद्रूप करते. दोन्ही परिणाम डोळ्यांना दिसतात, हे खरे. पण त्यांचा कर्ता वेगळा आहे.

चेहऱ्यापासून पाहू. मोबाइल नाकापासून एक फुटावर धरला, तर नाक बारा इंचांवर आणि कान त्याच्या मागे सुमारे पाच इंच, म्हणजे सतरा इंचांवर. बारा आणि सतरा यांत फार फरक आहे. म्हणून नाक कानाच्या मानाने जवळजवळ दीडपट थोराड दिसते. तोच माणूस सहा फुटांवर उभा केला तर नाक बहात्तर इंचांवर आणि कान सत्त्याहत्तर इंचांवर. फरक नगण्य, चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो. मोबाइलचे रुंद भिंग एकट्या चेहऱ्याने भरायचे तर जवळ जावेच लागते, म्हणून लोक भिंगाला दोष देतात. नाक वाढते ते जवळ गेल्यामुळे.

आता गाड्या घ्या. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या एकीमागे एक उभ्या असतात. पहिली गाडी आपल्यापासून वीस फुटांवर आणि तिच्या मागची चाळीस फुटांवर असेल, तर मागची गाडी पुढचीच्या निम्मी दिसते; रांग विरळ आणि लांबलचक वाटते. आपण मागे सरून पहिल्या गाडीपासून दोनशे फुटांवर उभे राहिलो, तर दुसरी दोनशेवीस फुटांवर येते. आता दोघींच्या आकारात अकरास दहा एवढाच फरक. पहिली गाडी चित्रात पूर्वीइतकी मोठी हवी, तर दहापट लांब भिंग लावावे लागेल : २४च्या जागी २४० मि.मी. तसे केले, की गाड्या एकमेकींना चिकटलेल्या भासतात. गाड्या हलल्या नाहीत, आपण हललो. लांब भिंगाने दूरवरचे तेवढे दृश्य निवडून मोठे केले.

याची खात्री कोणालाही करून घेता येईल. एकाच जागी उभे राहून एक छायाचित्र रुंद भिंगाने आणि दुसरे लांब भिंगाने काढा. मग रुंद छायाचित्राचा मधला तुकडा कापून मोठा करा आणि दुसऱ्याशेजारी ठेवा. तुकडा जरा धूसर दिसेल. पण गाडीचे गाडीशी, खांबाचे खांबाशी प्रमाण अगदी एक असेल. तेव्हा नियम असा : भिंग किती दिसावे ते ठरवते, आपली जागा ते कसे दिसावे ते ठरवते. आपल्या पूर्वजांनी ‘दुरून डोंगर साजरे’ आणि ‘दृष्टिआड सृष्टी’ अशा दोन म्हणी केल्या. पहिली जागेची म्हण आहे, दुसरी आवाक्याची. छायाचित्र वाचणाऱ्याने दोन्ही जवळ ठेवाव्यात.

या नियमाने माणसांच्या अब्रूवर कशी वेळ येते, ते २०२० साली जगाने पाहिले. करोनाच्या साथीत माणसांनी अंतर राखावे असा दंडक होता. दूरवरून लांब भिंगाने काढलेल्या छायाचित्रांत लोक खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे दिसत आणि त्यांची निर्भर्त्सना होई. तेव्हा डेन्मार्कमधील छायाचित्रकारांनी एकच रांग, एकच प्रसंग रुंद भिंगाने आणि लांब भिंगाने टिपून दोन्ही चित्रे जोडीने प्रसिद्ध केली. एकात गर्दी आणि दुसऱ्यात शहाणपणाने अंतर राखून उभी असलेली माणसे! खोटे एकही चित्र नव्हते. खोटा होता तो, चित्रकार कोठे उभा होता हे न विचारता काढलेला निष्कर्ष.

आता आपल्या तालुक्यातल्याच एका स्थळी जाऊ. खिद्रापूरचे कोपेश्वराचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या स्वर्गमंडपात मधोमध उभे राहून वर पाहिले, की छताऐवजी गोल आकाश दिसते आणि त्याभोवती आतल्या बारा खांबांचे कडे. हे छायाचित्रात धरायला गेलेला माणूस हमखास अडतो, कारण मागे सरण्यास जागा नाही. खाली तर जमीन आहे. वरचे गोल तोंड सुमारे १३ फूट व्यासाचे आहे. कॅमेरा त्याच्या खाली वीस फुटांवर आहे असे केवळ हिशेबासाठी धरू. गोल वस्तू मावायची तर चौकटीची लहान बाजू, २४ मि.मी., हिशेबात घ्यावी लागते. ५० मि.मी.च्या भिंगात त्या उंचीवर साडेनऊ फूटच मावतात. वर्तुळ चहूकडून कापले जाते. २४ मि.मी.च्या भिंगात वीस फूट मावतात; आकाशही येते आणि ते तोलून धरणारे कडेही येते. स्वर्गमंडपाचे मर्म आकाश आणि दगड यांच्या त्या संगतीत आहे. अरुंद नजरेला त्यातले एकच मिळते.

पण तेथेच कार्तिकी पौर्णिमेला चंद्राचे छायाचित्र घ्यायला गेलो, की सौद्याची दुसरी बाजू पुढे येते. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. चित्रात त्याचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे एकशेपंधराव्या भागाइतका उमटतो. २४ मि.मी.च्या भिंगात तो पाव मिलिमीटरहूनही लहान, २०० मि.मी.च्या भिंगात पावणेदोन मिलिमीटर. म्हणून डोळ्यांना एवढा भव्य वाटलेला चंद्र मोबाइलमध्ये तिळाएवढा येतो आणि माणूस खट्टू होतो. मग वर्तमानपत्रांत देवळाच्या कळसामागे परातीएवढा चंद्र दिसतो तो कसा? पाच फुटांचा कळस पावणेसहाशे फुटांवरून पाहिला, तर तो चंद्राइतकाच, अर्धा अंश दिसतो. छायाचित्रकार तेवढा मागे शेतात जाऊन उभा राहतो आणि लांब भिंगाने तेवढाच तुकडा उचलतो. चंद्र मोठा झालेला नसतो. कळसच आपल्या मापाला आलेला असतो.

श्रोतेहो, आता ज्या गोष्टीसाठी हा सारा हिशेब मांडला तिच्याकडे येतो.

आपला तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्यांच्या पाण्यावर पोसला आहे आणि त्याच पाण्याने वेळोवेळी बुडालाही आहे. २००५चा पूर, ऑगस्ट २०१९चा महापूर, जुलै २०२१चा पूर, हे तिन्ही येथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहेत. नृसिंहवाडीस पाणी पादुकांना स्पर्श करून दक्षिणद्वाराने वाहू लागले, की आपण तो सोहळा मानतो; तेच पाणी आणखी चढले, की जनावरे सोडून, धान्य माळ्यावर टाकून बाहेर पडावे लागते. या प्रत्येक पुराची छायाचित्रे निघाली. २०१९ साली तर ती मोबाइलवरून अगणित निघाली. त्यांतून आज आपल्याला काय सांगता येते?

लांब भिंगाने पैलतीरावरून काढलेल्या छायाचित्रात घाट, झाडे, घरे आणि पाणी एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. पाणी अमुक घराला भिडले होते की अजून शंभर फूट अलीकडे होते, ते कळत नाही. उलट मोबाइल पाण्याच्या पातळीलगत धरून रुंद भिंगाने काढले, की पायाजवळचे गुडघाभर पाणी चित्राचा अर्धा भाग व्यापते आणि समुद्रासारखे पसरते. मागचे खरोखर बुडालेले घर काडीपेटीएवढे होते. पहिल्या चित्राने भय वाढते, दुसऱ्याने डबक्याचा सागर होतो. दोन्ही काढणाऱ्यांच्या मनात फसवण्याचे काही नसते. पण पूर ओसरल्यावर पंचनामा होतो, नुकसानीचे वाद होतात, अलमट्टीच्या पाण्याची फूग येथवर येते की नाही यावर सभा गाजतात, आणि प्रत्येक जण आपापले छायाचित्र पुढे करतो. ज्या चित्राची जागा ठाऊक नाही, भिंग ठाऊक नाही, त्यात मोजण्याजोगे काही उरत नाही. मग ते चित्र बोलत नाही, फक्त ओरडते.

म्हणून आमचे सांगणे थोडे व्यवहाराचे आहे. पुराने नुकसान झाले तर घराची निदान तीन छायाचित्रे काढावीत. पहिले दूर उभे राहून, रुंद भिंगाने. त्यात घर आणि शेजारची एखादी न हलणारी खूण यावी : देऊळ, पाण्याची टाकी, विजेचा खांब. त्यावरून ठिकाण सिद्ध होते. दुसरे सात-आठ पावलांवरून, भिंतीसमोर नीट सरळ उभे राहून. कॅमेरा वर-खाली न झुकवता, म्हणजे भिंतीच्या कडा उभ्याच येतील. तिसरे भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, तिच्याशेजारी मोजपट्टी किंवा गवंड्याचा टेप लावून. पट्टी रेषेच्या शेजारी भिंतीला लागूनच हवी. हातभर पुढे धरली तर ती कॅमेऱ्याला जवळ पडते आणि मोठी दिसते. मग माप चुकते. चित्र पडद्यावर बोटांनी मोठे करून काढू नये. कापायचे ते नंतरही कापता येते, पण सुटलेले परत आणता येत नाही. आणि प्रत्येकाबरोबर तारीख, वेळ आणि आपण कोठे उभे होतो, हे लिहून ठेवावे.

हे झाले एकेका घराचे. गावाचेही एक काम आहे आणि ते स्वस्त आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावाने एक उंच, पुरातही पोचता येईल अशी जागा ठरवावी : शाळेची गच्ची, वेशीवरचा कट्टा, पुलाच्या अलीकडचा चढ. तेथे एक दगड रोवावा आणि त्यावर दिशेची खूण करावी. त्याच दगडावर कॅमेरा टेकवून, त्याच भिंगाने, त्याच दिशेने दर पावसाळ्यात पाणी चढताना व उतरताना छायाचित्र घ्यावे आणि उन्हाळ्यातही एक घ्यावे. जागा तीच आणि भिंग तेच असले, की चित्रांवर चित्र ठेवता येते. कोणत्या वर्षी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, किती दिवस राहिले, ते शाळेतला मुलगाही पट्टी लावून सांगू शकतो. शाळेतली मुले आणि वाचनालये यांनी हे काम अंगावर घेतले, तर दहा वर्षांत प्रत्येक गावाजवळ आपल्या नदीची वही तयार होईल. कोणाच्या आठवणीवर किंवा आवाजाच्या जोरावर ती अवलंबून राहणार नाही.

कोल्हापूरच्या मातीत कॅमेरा घडवणारी माणसे झाली. पडदा रंगवताना, पाहणारा कोठे बसला आहे हे त्यांना आधी ठरवावे लागे. आज कॅमेरा घडवण्याचे कष्ट आपल्याला नाहीत. तो आयता हाती आला आहे. राहिला तो एवढाच विवेक, की चित्र काढताना आपण कोठे उभे आहोत हे जाणावे आणि दुसऱ्याचे चित्र पाहताना तो कोठे उभा होता हे विचारावे. येत्या जूनमध्ये पाऊस सुरू होईल. तत्पूर्वी आपल्या गावातला तो दगड कोठे रोवावा, याचा विचार आज घरी जाता जाताच सुरू व्हावा, अशी विनंती आहे.